राजांचा मारेकरी

मराठीतील ‘-करी’ हा प्रत्यय स्वभावाने सालस म्हणावा लागेल. शेतकरी, गावकरी, कष्टकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी अशा सोज्ज्वळ पंगतीत ‘मारेकरी’ हा शब्द निमूटपणे येऊन बसतो आणि त्याचे कोणाला फारसे वैषम्यही वाटत नाही. ‘खुनी’ हे विशेषण माणसाला एका कृत्याने चिकटते. ते कृत्य संतापाच्या, मत्सराच्या वा भीतीच्या एखाद्या क्षणाचे फलित असू शकते. ‘मारेकरी’ या शब्दात मात्र नेमणूक आहे, मोबदला आहे, कामाची एक रीत आहे. शिवाय मराठीत मारेकरी ‘घातले’ जातात. ‘अमक्याने तमक्यावर मारेकरी घातले’ या वाक्यात कर्ता निराळाच असतो, घाला ज्याच्यावर पडतो तोही निराळा असतो आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष शस्त्र आहे तो कर्माच्या जागी मुकाट उभा असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. वध करणारे गारदी चाकरीतलेच होते. परंतु त्या प्रसंगातून मराठी भाषेने वाक्प्रचारासाठी उचलले ते कागदावरचे एक अक्षर. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या झाली; पहारेकऱ्याचा मारेकरी कसा होतो, हे मात्र त्या चर्चेत बाजूलाच राहिले.

हाच प्रश्न केंद्रस्थानी असलेली एक कल्पित सृष्टी पोलिश साहित्यात गेल्या चार दशकांत आकाराला आली आहे. आंद्झेय सापकोव्स्की (जन्म १९४८) हे तिचे निर्माते. वूच या कापडगिरण्यांच्या शहरातला हा अर्थशास्त्राचा पदवीधर परदेशी व्यापार करणाऱ्या संस्थेत विक्रीचे काम करीत असे. वॉर्साच्या ‘फान्तास्तिका’ मासिकाने जाहीर केलेल्या स्पर्धेसाठी त्याने एक कथा लिहिली. तिला तिसरे पारितोषिक मिळाले आणि डिसेंबर १९८६ च्या अंकात ती छापून आली. पुढे कथासंग्रह, १९९४ ते १९९९ या काळातील पाच कादंबऱ्यांची मालिका, २००१ चा पोलिश चित्रपट, २००७ पासूनचे संगणकीय खेळ, २०१९ पासूनची दूरचित्रमालिका आणि अगदी २०२४ साली आलेली नवी कादंबरी, असा हा विस्तार आहे. त्याचा समग्र आढावा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. या सृष्टीतील एका दुय्यम, किंबहुना खलपात्रांत गणल्या जाणाऱ्या व्यक्तिरेखेपुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी तिच्या व्यवसायाचे नाव समजून घेणे अगत्याचे आहे.

ते नाव ‘विएज्मिन’. पोलिशमध्ये ‘विएज्मा’ म्हणजे चेटकीण. तिचे पुल्लिंगी रूप म्हणून सापकोव्स्कींनी हा शब्द घडविला. ‘विएज्मा’ या शब्दाच्या मुळाशी ‘जाणणे’ या अर्थाचा स्लाव्ह धातू आहे आणि संस्कृतातील ‘विद्’ धातू त्याचा जवळचा आप्त आहे. म्हणजे चेटकीण ही मुळात ‘जाणती’ आणि विएज्मिन हा ‘जाणता’. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत भूतबाधा उतरविणाऱ्याला ‘जाणता’ म्हणतातच. दोन दूरच्या भाषांनी एकाच धातूकडून वा एकाच अर्थाकडून असे सारखे काम करून घ्यावे, हे लक्षणीय आहे. इंग्रजी अनुवादात रूढ झालेल्या ‘विचर’ या नावात ही ज्ञानाची छटा उरत नाही, उरते ती चेटकाची. वस्तुतः या पात्राचे सगळे दुःख त्या छटेत आहे. लहानपणीच आईबापांपासून तोडून आणलेली मुले, त्यांना पाजले जाणारे जहाल काढे, त्या परीक्षेतून जगलेल्या थोड्यांना मिळणारे मांजराचे डोळे आणि माणसापेक्षा कितीतरी चपळ हात, आणि त्यानंतर प्रत्येक राक्षसी जातीच्या सवयी, अवयव, विषे, कमकुवत जागा यांचे काटेकोर शिक्षण. एवढे सगळे सोसून मिळालेले हे ज्ञान शेवटी एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन, पाटलाशी घासाघीस करून, नाण्यांच्या मोबदल्यात विकायचे. लोकांना हा जाणता संकटात हवा असतो आणि संकट टळल्यावर वेशीबाहेर.

१९८६ च्या त्या पहिल्या कथेचा नायक जेराल्ट टेमेरियाच्या राजधानीत, विझिमात, येतो. राजा फोल्टेस्टला स्वतःच्या सख्ख्या बहिणीपासून झालेली मुलगी जन्मतःच मेली आणि काही वर्षांनी शवपेटीतून ‘स्त्झिगा’ होऊन उठली. स्त्झिगा म्हणजे पोलिश लोककथांतील माणसे फाडून खाणारी पिशाची. या कथेला लोककथेचा जुना सांगाडा आहे : पिशाचीच्या शवपेटीत कोणीतरी कोंबडा आरवेपर्यंत रात्र काढली तर शाप उतरतो. राजाने तीन हजार ओरेनचे बक्षीस लावले आहे, पण ते पिशाची मारण्यासाठी नाही. मुलगी परत मिळविण्यासाठी आहे. येथे या सृष्टीतील पहिला नैतिक पेच उभा राहतो आणि तो राजाच्या बाजूने उभा राहतो, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. सगळे नगर ज्या प्राण्याला राक्षस म्हणते त्याला एक व्यभिचारी, हट्टी राजा ‘माझी मुलगी’ म्हणतो, आणि शिकाऱ्याने मारू नये म्हणून त्याला पैसे देऊ करतो.

आणखी एक गोष्ट. या कथेत जेराल्टच्या तलवारीने प्रथम मरतात ती माणसे. दारूच्या गुत्त्यात त्याची खोडी काढणारे तिघे कथेच्या पहिल्या काही परिच्छेदांतच आडवे होतात. पुढे ऑस्त्रित नावाचा एक सरदार त्याला लाच देऊ पाहतो : पिशाचीला तशीच राहू दे, म्हणजे प्रजा राजावर उठेल. जेराल्ट त्या सरदाराला बांधून पिशाचीपुढे आमिष म्हणून सोडतो. सरदार मरतो, पिशाचीची भूक काही काळ शमते, आणि विएज्मिन तिच्या रिकाम्या पेटीत शिरून झाकण लावून घेतो. कथा इतक्या वेगाने आणि कोरड्या विनोदाने सांगितली आहे की वाचक सरदाराचे मरण पचवून पुढे जातो. तो वाईट होताच. परंतु एका राजकीय माणसाचा राजाच्या सोयीचा मृत्यू राक्षस-शिकाऱ्याच्या हातून पहिल्याच कथेत घडून गेलेला असतो. ज्याला पुढच्या काळातील सगळ्या मारेकऱ्यांचे बीज शोधायचे आहे त्याने ते येथे शोधावे.

कथा छापली गेली त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, पोलंडमध्ये येझी पोपिएवूश्को या धर्मगुरूची हत्या झाली होती. मारेकरी सरकारी सुरक्षा खात्याचे अधिकारी निघाले आणि त्यांच्यावर खटलाही चालला. कथेत याचा मागमूस नाही, आणि तसा तो ओढूनताणून शोधणे गैरच ठरेल. एवढेच म्हणता येईल की सत्ता कोणाकडून मारविते, आणि मारणाऱ्याला रक्षक कसे म्हणते, हे त्या अंकाच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते. एरवी पोलंडच्या इतिहासात राजहत्या विरळा. १६२० साली तिसऱ्या झिग्मुंटवर वॉर्सात हल्ला झाला, तो फसला. मात्र प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष गाब्रिएल नारुतोविच यांना १६ डिसेंबर १९२२ रोजी, पदग्रहणानंतर अवघ्या पाच दिवसांनी, एका चित्रप्रदर्शनात गोळ्या घातल्या गेल्या. घालणारा स्वतः चित्रकार होता.

‘लहान दुष्टपणा’ असे ज्या कथेच्या नावाचे भाषांतर करता येईल, ती १९९० ची कथा या सर्व लेखनाचा कणा आहे. जेराल्ट ब्लाविकेन नावाच्या बंदरगावात एका मेलेल्या जलचर राक्षसाचे धूड गाढवावर लादून येतो. त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. मिळतो तो स्त्रेगोबोर नावाचा मांत्रिक. मनोऱ्यात दडून बसलेल्या या मांत्रिकाला रेन्फ्री नावाच्या तरुणीपासून जिवाची भीती आहे. ही रेन्फ्री एके काळची राजकन्या. सावत्र आईने तिला जंगलात मारायला धाडले, शिकाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला, ती वाचली आणि लुटारू झाली. हिमगौरीची गोष्ट सापकोव्स्कींनी अशी उलटी करून ठेवली आहे. मांत्रिकाचे म्हणणे असे की ग्रहणकाळी जन्मलेल्या काही मुली जन्मतःच विकृत, माणसाच्या रूपातले राक्षस असतात, आणि रेन्फ्री त्यांपैकी एक. तेव्हा तिला मारणे हे विएज्मिनच्या व्यवसायात बसते. दुसरीकडे रेन्फ्रीही जेराल्टला गळ घालते : मांत्रिकाला तू मार, खरा राक्षस तोच. दोघेही त्याला एकाच तऱ्हेने विनवितात. लहान दुष्टपणा निवड, म्हणजे मोठा टळेल.

मांत्रिकाच्या युक्तिवादाकडे शब्दार्थाच्या अंगाने पाहिले तर त्यातले कसब लक्षात येते. तो जेराल्टला मारेकरी हो असे कोठेही म्हणत नाही. तो फक्त ‘राक्षस’ या शब्दाची व्याप्ती वाढवितो. एकदा ती वाढली की मारणाऱ्याला आपला धंदा, आपली तलवार, आपली प्रतिष्ठा यांतले काहीच बदलावे लागत नाही. बदलतो तो फक्त मरणारा. महाभारतातल्या एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठविण्याची पाळी असे, आणि भीम त्याला मारतो तेव्हा बक कोण, नगरवासी कोण, याविषयी कोणाच्या मनात किंतु नसतो. सापकोव्स्कींच्या सृष्टीत ही खात्रीच नाहीशी झाली आहे. राक्षस दिवसेंदिवस कमी होताहेत, शिकारी त्याहून कमी, आणि राक्षस ठरविण्याचा अधिकार मात्र दरबारात, मनोऱ्यात, चावडीवर असा सर्वत्र पसरला आहे.

जेराल्ट दोघांनाही नकार देतो. तथापि कथा नकारापाशी थांबत नाही. रेन्फ्रीचे साथीदार बाजारातल्या लोकांना ओलीस धरून एकेकाला मारतील आणि मांत्रिकाला मनोऱ्यातून बाहेर यायला भाग पाडतील, असा बेत त्याच्या ध्यानात येतो. तो धावत बाजारात पोचतो आणि त्या साऱ्यांना ठार करतो. मग रेन्फ्री येते आणि सांगते की मांत्रिक हसला. सारे गाव कापून काढले तरी मी बाहेर येणार नाही, म्हणाला. म्हणजे ज्या हत्याकांडाला थांबविण्यासाठी जेराल्टने ही माणसे मारली त्याला आता कारणच उरले नव्हते. ते आधी कळते तर? कथा या प्रश्नाला थारा देत नाही. रेन्फ्री तलवार उपसते, मरते. मांत्रिक शवविच्छेदनासाठी तिचे प्रेत मागायला येतो आणि जेराल्ट त्याला हात लावू देत नाही. ज्यांना वाचविले ते गावकरी त्याला दगड मारतात. ‘ब्लाविकेनचा खाटीक’ हे नाव त्याला जन्मभर चिकटते. रेन्फ्री राक्षस होती की नव्हती, हे मात्र वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. हे न कळणे ही या लेखकाच्या एकूण कथालेखनातील सर्वांत प्रौढ जागा म्हणावी लागेल.

यानंतर जेराल्ट ‘आमच्या संहितेत हे बसत नाही’ असे म्हणून पुष्कळ कामे नाकारताना दिसतो. तो ड्रॅगन मारीत नाही, माणसे मारण्याची सुपारी घेत नाही. अशी काही संहिता वस्तुतः अस्तित्वात नसून ती त्याने स्वतःच रचली आहे, हे मूळ कथांतूनच सूचित होते. भाड्याने तलवार चालविणाऱ्याला नाही म्हणण्यासाठी शास्त्राधार लागतो, आणि नसेल तर तो निर्माण करावा लागतो. या लबाडीत एक विलक्षण सभ्यता आहे.

कादंबऱ्यांविषयी येथे थोडक्यातच बोलणे योग्य. त्यांत राजे एकत्र जमून युद्धाचे निमित्त कसे घडवायचे याची खलबते करतात, सिरी नावाच्या एका मुलीचा जीव त्यांच्या हिशेबात कवडीमोल ठरतो, आणि रेडानियाचा राजा विझिमिर मारेकऱ्याकरवी मारला जातो. त्यामागे त्याच्याच दरबारातील मांत्रिक स्त्री फिलिप्पा आयल्हार्ट असावी असे दिसते. हे मारेकरी मात्र नेहमीचे, नाव-गाव नसलेले, मराठी वाक्यातल्याप्रमाणे कर्माच्या जागचे. कर्त्याच्या जागी येऊ पाहणारा मारेकरी सापकोव्स्कींनी लिहिला नाही. तो आला सीडी प्रोजेक्ट या वॉर्सातील संस्थेने १७ मे २०११ रोजी बाजारात आणलेल्या खेळात. खेळाचे नावच ‘राजांचे मारेकरी’ असे आहे.

संगणकीय खेळ ही संहिता मानावी काय, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. ज्या रूपबंधात व्यक्तिरेखा आहे, संवाद आहे, निवेदनाचा क्रम आहे आणि भोक्त्याच्या निर्णयानुसार कथानकाला फाटे फुटतात, त्याकडे साहित्याभ्यासकाने तुच्छतेने पाहावे असे काही नाही. या खेळाचा आरंभ तर निवेदनशास्त्राच्या कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. जेराल्ट कोठडीत साखळदंडांत बांधलेला आहे आणि राजाच्या विशेष पथकाचा प्रमुख वेर्नन रोश त्याची चौकशी करतो आहे. आरोप राजहत्येचा. घडलेला दिवस जेराल्ट सांगत जातो आणि खेळणारा तो दिवस जगत जातो. म्हणजे कथा ही येथे जबानी आहे. निवेदक संशयित आहे. त्यातच त्याची स्मृती आजारामुळे नव्हे, तर एका अमानुषी अपहरणामुळे पुसली गेली आहे. आपला भूतकाळ काय, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

मेलेला राजा कोण? फोल्टेस्ट. १९८६ साली ज्याने शिकाऱ्याला ‘मारू नकोस, ती माझी मुलगी आहे’ असे विनविले होते, तोच. या वेळीही तो लेकरांसाठीच आलेला आहे. एका सरदारपत्नीपासून झालेली आपली दोन मुले ताब्यात घेण्यासाठी त्याने ला व्हालेतच्या किल्ल्याला वेढा घातला आहे. शेकडो माणसे तटाखाली मरतात, राजा मुलांपर्यंत पोचतो, त्यांना जवळ घेतो. खोलीत एक आंधळा धर्मसेवक उभा असतो. तो आंधळा नसतो. एका क्षणात राजाचा गळा चिरलेला असतो, मारेकरी खिडकीतून पसार झालेला असतो, आणि शिपाई आत शिरतात तेव्हा प्रेतावर वाकलेला जेराल्ट त्यांना दिसतो. मारेकऱ्याचे डोळेही जेराल्टसारखेच, मांजराचे.

त्याचे नाव लेथो. गुलेतचा लेथो. तोही विएज्मिन, परंतु जेराल्टच्या वृककुलातला नव्हे, दक्षिणेकडील सर्पकुलातला. धिप्पाड, टक्कल केलेला, बोलण्यात सावकाश. फोल्टेस्टच्या आधी त्याने एडिर्नचा राजा डेमावेंड याला मारले आहे. २०१२ साली या खेळाची सुधारित आवृत्ती निघाली तिच्या आरंभीच्या चित्रफितीत ते मरण दाखविले आहे. जहाजावर राजा आहे, अंगरक्षक आहेत, मांत्रिक आहे, आणि लेथो एकटा. ती चित्रफीत पाहताना ध्यानात येते की तो राजाची शिकार करतो आहे, अगदी शब्दशः. विएज्मिन एखाद्या दलदलीतल्या प्राण्याला ज्या क्रमाने मारतो, म्हणजे पाळत, आमिष, वेषांतर, औषधी, मोजका घाव, त्याच क्रमाने. राजाच्या सवयी, राजाची अंतरे, राजा केव्हा बेसावध असतो, हे त्याने अभ्यासले आहे. फोल्टेस्ट मुलांना कवेत घेताना बेसावध असेल, हे हेरण्यासाठी निव्वळ क्रौर्य पुरेसे नाही. त्यासाठी जाणतेपणच लागते.

लेथोचे वेगळेपण असे की तो ‘राक्षस’ या शब्दाचा आधार घेत नाही. स्त्रेगोबोरला तो लागला होता. लेथोला लागत नाही. फोल्टेस्ट दुष्ट होता, डेमावेंड जुलमी होता, असे म्हणण्याला खेळात भरपूर वाव आहे. वंशवादी, युद्धखोर, परस्परांचे मुलूख गिळू पाहणारे असे हे राजे आहेत. लेथो त्यांतले काहीही पुढे करीत नाही. त्याच्यामागे दोन धनी आहेत. मांत्रिक स्त्रियांच्या गुप्त मंडळाला वाटते की तो आपले काम करतो. डेमावेंडचा मृत्यू त्यांना हवाच होता. प्रत्यक्षात तो निल्फगार्डचा सम्राट एमहीर याच्यासाठी काम करतो आहे. फोल्टेस्टला मारून त्याचा बोल त्या मंडळावर जावा, उत्तरेकडील राज्ये आपसांत फाटावीत आणि सम्राटाच्या सैन्याला वाट मोकळी व्हावी, असा तो डाव आहे. आणि मोबदला? सोने नाही, जहागीर नाही. सर्पकुल पुन्हा उभे करून देण्याचे वचन.

हा मोबदला ऐकल्यावर व्यक्तिरेखेचे वजनच बदलते. सर्पकुलात मोजकीच माणसे उरली आहेत. शिकविणारे गेले, शिकणारे नाहीत, ग्रंथ आणि काढे नष्ट झालेले. राक्षस कमी झाल्याने लोकांना या विद्येची गरज उरली नाही, आणि ज्या विद्येची गरज उरत नाही तिला आश्रयदाता लागतो. आश्रयदाता आपली अट घालतो. एक विद्या जगावी म्हणून तिच्या शेवटच्या जाणत्याने ती विद्या कोणत्या कामी लावली, हा लेथोच्या कथेतला खरा पेच आहे, आणि तो केवळ तलवारबाजांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्यांनी कधी एखादा अभ्यासविषय, एखादी पाठशाळा, एखादे ग्रंथालय बंद पडताना पाहिले आहे त्यांना तो परका वाटू नये. अर्थात यामुळे लेथोचे समर्थन होते असे नाही. फोल्टेस्टच्या मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांचा बाप मारला गेला आणि त्या क्षणापासून ती मुले राज्यकारभाराच्या पटावरच्या सोंगट्या झाल्या. त्याच्या कुलात पुढे जी मुले आणली जातील त्यांनाही तेच जहाल काढे पाजले जातील. हे लेथो कोठे बोलत नाही, आणि खेळही त्याला विचारीत नाही. विचारायला हवे होते.

खेळाच्या अखेरीस लॉक मुइने या भग्न नगरात, सारी कारस्थाने उघडी पडून रक्तपात होऊन गेल्यावर, लेथो एका चौकात बसून जेराल्टची वाट पाहत असतो. दोघे बसतात, मद्य घेतात, बोलतात. जेराल्टला एकेक दुवा मिळत जातो. स्मृती जाण्यापूर्वी आपण याच माणसाबरोबर वणवण केली होती, आपण याचा जीव वाचविला होता, आपल्या प्रिय स्त्रीला यानेच आसरा दिला होता. सगळे विचारून झाल्यावर निर्णय खेळणाऱ्यावर सोपविला आहे. तलवार काढायची, की उठून आपापल्या वाटेने जायचे. येथे न्यायासन नाही, साक्षीदार नाहीत, आणि कोणताही पर्याय निवडला तरी खेळ शाबासकी देत नाही. राक्षसाच्या कथेत शेवटी राक्षस मरावा लागतो. येथे तो समोर बसून पेला रिकामा करतो आहे, आणि त्याला राक्षस म्हणावे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी कथनाने भोक्त्याच्या अंगावर टाकली आहे. मराठीतील ‘मुक्तामाला’ (१८६१) वा ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा वाचक अशा शेवटाने खचितच बुचकळ्यात पडला असता.

या खेळाच्या नशिबी आलेला एक राजकीय योगायोग नमूद करण्याजोगा आहे. प्रकाशनानंतर काही दिवसांतच, मे २०११ च्या अखेरीस, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा वॉर्सात आले. पंतप्रधान डोनाल्ड तुस्क यांनी त्यांना दिलेल्या भेटवस्तूंत हा खेळ होता. एका देशाच्या शासनप्रमुखाने दुसऱ्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाला ‘राजांचे मारेकरी’ अशा नावाची भेट द्यावी आणि त्यात कोणालाही वावगे वाटू नये, याला आधुनिक काळाची निर्भयता म्हणावे की निव्वळ वेष्टनाकडे पाहण्याची सवय, हे ठरविणे कठीण. २०१४ च्या वॉर्सा भेटीत ओबामांनी त्या भेटीची आठवण काढली आणि आपल्याला असे खेळ फारसे जमत नाहीत अशी कबुली दिली.

२०१५ साली आलेल्या तिसऱ्या खेळात पेच आणखी आत शिरतो. आता जेराल्टच्याच हाती राजहत्येचा कट येतो. विझिमिरचा मुलगा रादोविद रेडानियाच्या गादीवर आहे. मांत्रिकांना आणि अमानव जमातींना तो जिवंत जाळतो आहे. रोश आणि त्याचे सहकारी त्याला मारण्याचा बेत करतात. रोश म्हणजे तोच, ज्याने फोल्टेस्टच्या हत्येबद्दल जेराल्टला साखळदंडांत बांधून प्रश्न विचारले होते. जेराल्ट कटात सामील होऊ शकतो वा दूर राहू शकतो. सामील झाला तर अखेरचा वार तो करीत नाही, फिलिप्पा आयल्हार्ट करते. म्हणजे बापाच्या मरणामागे असलेला हातच मुलाच्या मरणाला कारण होतो. कलेच्या दृष्टीने ही सोय थोडी खटकते. नायकाच्या हाताला रक्त लागू न देण्याची ही धडपड आहे. लेथोला अशी सवलत कोणी दिली नव्हती. सामील न झाल्यास रादोविद युद्ध जिंकतो आणि चिता पेटत्या राहतात, हेही खेळ सांगून टाकतो. संहिता पुढे करून नाही म्हणणाऱ्या जेराल्टला आता त्या नकाराचा आकडा दाखविला जातो.

लॉक मुइनेच्या चौकात ज्याने लेथोला जाऊ दिले असेल त्याला तो या तिसऱ्या खेळात पुन्हा भेटतो, एका ओसाड वाड्यात. वाड्याभोवती त्याने सापळे लावून ठेवले आहेत. सम्राट एमहीरने वचन पाळलेले नाही. सर्पकुल उभे राहिले नाही. उलट काम झाल्यावर साक्षीदार उरू नये म्हणून सम्राटाने लेथोच्याच डोक्यावर इनाम लावले आहे. त्याच्या मागावर आता पैशासाठी माणसे मारणारे लोक आहेत. ते गावोगाव चौकशी करतात, त्याचे वर्णन सांगतात, त्याच्या सवयी विचारतात, माग काढतात. एके काळी तोही असाच गावोगाव विचारीत फिरला असेल, पलीकडच्या दलदलीत काय राहते म्हणून.

सुटण्याचा त्याचा उपाय त्याच्या धंद्याला शोभणारा आहे. तो मागावरच्या लोकांसमोर उघड्यावर जातो आणि मरतो. अर्थात हे सोंग आहे. शरीराचे व्यवहार मंदावणारी द्रव्ये विएज्मिनांना माहीत असतात. जेराल्टने एवढेच करायचे असते की मध्ये पडायचे नाही. ज्याला मारण्यासाठी त्याने एकदा अर्धे जग पालथे घातले होते तो समोर धुळीत पडतो, आणि जेराल्ट उभा राहतो. पुढे लेथो डोळे उघडतो, अंग झटकतो. आता कोठे जाणार, असा प्रश्न निघतो तेव्हा जेराल्ट त्याला काएर मोरहेनला बोलावू शकतो. तेथे वृककुलाचा पडका किल्ला आहे, एक म्हातारा गुरू आहे आणि त्याचे थोडे शिष्य. त्यांच्याकडेही नवे शिकणारे बरीच वर्षे आलेले नाहीत. सर्पाचे पदक गळ्यात घातलेला हा माणूस तेथे जातो, आणि ती मंडळी त्याला फारसे प्रश्न न विचारता निजायला जागा दाखवितात.